रंग खरवडण्याआधी झाकण उघडून बघा
वाचकांचे प्रश्न : जुने पथदिवे

जुने पथदिवे जमवणाऱ्यांची पत्रं बरीच आली आहेत, त्यांतली काही इथे घेतो. मी पथदिव्यांच्या देखभालीत नोकरी केली. शिडीवर चढून दिवे बदलले आणि पुढे उतरवलेली फिटिंग्ज भंगारात जायच्या आत मागून घेऊ लागलो. उत्तरं त्या अनुभवातली आहेत. विजेबद्दल जे लिहिलं आहे ते जाणत्या वायरमनला जवळ उभं करूनच करा.

प्रश्न : काका, भंगारातून सोडियमचा एक जुना पथदिवा उचलून आणला आहे. ओतीव ॲल्युमिनियमचं अंग, वर तीन-चार रंगांचे पापुद्रे सुटलेले. मित्र म्हणतो, सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग करून घे, नव्यासारखा दिसेल. करू का?

उत्तर : नका करू. तो नव्यासारखा दिसेल हे खरं, पण मग तो जुना दिवा राहणार नाही.

आधी झाकण उघडा आणि बॅटरी मारून आतली बाजू नीट बघा. चोकच्या, म्हणजे दिव्याचा करंट आवरणाऱ्या कॉइलच्या, वर किंवा होल्डरजवळ पुष्कळदा तारखा सापडतात. कधी पेन्सिलीने लिहिलेल्या, कधी खिळ्याने ओरखडलेल्या. आतला दिवा (बल्ब) बदलला की वायरमन तिथे महिना आणि साल टाकतो, म्हणजे पुढे चढणाऱ्याला आधीचा दिवा किती टिकला ते कळतं. मीही टाकायचो. तारखा एकाखाली एक असतील तर त्यांमधलं अंतर बघा. आधीचे दिवे तीन-तीन, चार-चार वर्षं चाललेत आणि मग एकदम काही महिन्यांतच बदलावे लागलेत असं दिसलं, तर त्या सुमाराला चोक बिघडला असेल किंवा खांब हादरू लागला असेल. पुलावरच्या आणि रुळांजवळच्या खांबांवर दिवे लवकर जातात. ही नोंद बहुधा दुसरीकडे कुठेही नसते. ब्लास्टिंगची वाळू ती क्षणात उडवून लावते आणि सोबत कंपनीचं लेबल, खांबाचा रंगवलेला नंबर, तपासणीचा शिक्का हेही जातं.

आता ते पापुद्रे. बिजागरीच्या मागे, सहज न दिसणारी नखाएवढी जागा निवडा. तिथे बारीक वॉटर पेपर ओला करून अगदी हलक्या हाताने गोल गोल घासा. मधोमध धातू उघडा पडला की थांबा. कडेला रंगांची वर्तुळं उमटलेली दिसतील. सगळ्यात आतलं वर्तुळ सगळ्यात जुनं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. दिवा आधी कुठल्या रंगाचा होता आणि किती वेळा रंगवला गेला हे त्या एवढ्याशा जागेत वाचता येतं.

कागद ओलाच हवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ नाकातोंडात जाते. शिसं शरीरात साठून राहतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वात जास्त. ज्योत दाखवून रंग जाळणं तर अजिबात नको. हातमोजे आणि बारीक धूळ अडवणारा मास्क घाला, चिखल झालेलं फडकं आणि कागद पिशवीत बांधून ठेवा, आणि हे काम स्वयंपाकघराजवळ किंवा मुलांच्या वावरात करू नका.

साफसफाईला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. सुटलेले पापुद्रे ओल्यानेच काढा, घट्ट बसलेल्या रंगाला हात लावू नका. कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला लावायचा नाही. तो धातूच खातो. आतला चकचकीत रिफ्लेक्टर बहुधा ॲनोडाइज केलेला असतो, म्हणजे त्यावर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. तो थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ. त्यावर पितळ घासायचं पॉलिश लावलं तर चमक वाढत नाही, कायमची जाते. रिफ्लेक्टर पाण्याने पुसा आणि सोडून द्या. बाहेरून, सगळं पूर्ण वाळल्यावर, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. हे मेण पुढे केव्हाही काढता येतं, आणि मी कुठल्याही उपायाला हाच प्रश्न विचारतो : उद्या हे परत फिरवता येईल का? पावडर कोटिंग परत फिरवता येत नाही.

प्रश्न : झाकणाचा एक स्क्रू जाम बसला आहे. पेचकस फिरून त्याचं डोकं खराब होत चाललंय. ड्रिल मारू?

उत्तर : ड्रिल सगळ्यात शेवटी. स्क्रू पोलादी आणि अंग ॲल्युमिनियमचं असेल तर पावसाच्या ओलाव्यात या दोन धातूंची आपसात विद्युत-रासायनिक क्रिया होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. तुमचा स्क्रू त्या भुकटीने धरला आहे.

डोक्याभोवतीची भुकटी टोकदार काडीने उकरून काढा. गंज सोडवणाऱ्या तेलाचे थेंब सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी खाचेत नेमका बसणारा पेचकस लावून मागे हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्या, आणि पहिला पीळ सोडण्याच्या नाही, आवळण्याच्या दिशेने द्या, अगदी किंचित. करकर असा बारीक आवाज आला की भुकटी फुटली. मग उलटा पीळ द्या, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा.

तरीही हलला नाही तर दिव्याखालचं प्लास्टिकचं भांडं आणि वायसर बाजूला काढा आणि गरम हवेच्या झोताने स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम तापवा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. शिसं असलेल्या रंगाजवळ झोताचं तापमान कमी ठेवा. स्क्रू परत लावताना आट्यांना जाम न होऊ देणारं ग्रीस लावा. मूळ स्क्रू निकामी झाला असेल तरी फेकू नका. चिठ्ठी लावून दिव्यासोबत ठेवा.

प्रश्न : दिव्याखालचं पारदर्शक भांडं स्पिरिटने पुसलं, तर दुसऱ्या दिवशी त्यात केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. आधी नव्हत्या.

उत्तर : भांडं ॲक्रिलिकचं आहे. ॲक्रिलिकमध्ये घडवताना राहिलेला ताण असतो, आणि स्पिरिट, थिनर किंवा अमोनियाचा काच-क्लीनर लागला की त्या ताणाच्या जागी भेगा उघडतात. त्या मिटवता येत नाहीत. आता वाढू मात्र द्यायच्या नाहीत : साधं पाणी, साबणाचे दोन थेंब, सुती मऊ कापड, आणि घासण्याऐवजी टिपणं. भांडं क्लिपांवर ताणून बसवू नका, वेगळं कापडात गुंडाळून ठेवा. पॉलिकार्बोनेटचं भांडं असेल तर ते अतिनील किरणांनी पिवळं पडतं. तो पिवळेपणा धुऊन जात नाही, आणि मला तो घालवावासाही वाटत नाही.

खाचाखाचांची प्रिझमवाली काच असेल तर आनंद करा. ती अभियंत्यांनी प्रकाश रस्त्याच्या लांबीवर वळवण्यासाठी मोजून घडवलेली असते. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुवा, आणि भांड्याची कुठली बाजू रस्त्याकडे होती याची खूण करून ठेवा. उलटी बसवली तर प्रकाश भलतीकडे जातो.

प्रश्न : जुना दिवा घरी पेटवून बघायचा आहे. सरळ वायर जोडली तर चालेल का?

उत्तर : सरळ नको. पथदिवा म्हणजे टेबललॅम्प नव्हे.

आतली वायर आधी बघा. जुन्या रबरी इन्सुलेशनची वायर बोटाने वाकवली आणि भुगा पडला तर ती संपली आहे. होल्डरजवळ पांढुरकी, दोऱ्याने विणल्यासारखी नळी वायरवर चढवलेली दिसली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. कापू नका, ओढू नका, फुंकर मारू नका. झाकण लावा आणि ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या जाणकाराला दाखवा.

नंतर कपॅसिटर. पॉवर फॅक्टर सुधारायला बसवलेल्या जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं तेल असू शकतं. या तेलाचं वर्षानुवर्षं विघटन होत नाही आणि कातडीतून शरीरात शिरतं. अमेरिकेने १९७९ साली त्याच्या उत्पादनावर बंदी आणली, आणि २००१च्या स्टॉकहोम करारात जगभरातून हद्दपार करायच्या रसायनांत त्याचं नाव आहे. कपॅसिटर चिकट, फुगलेला किंवा पाझरलेला असेल तर हातमोजे घालून तो दुहेरी पिशवीत घाला आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. एरवी मी मूळ भाग फेकू देत नाही, पण हा भाग संग्रहात नको. त्याच्या लेबलचा फोटो पुरे. कोरडा दिसणारा कपॅसिटरही पुरवठा तोडल्यावर चार्ज धरून राहतो, हे हात घालण्याआधी लक्षात असू द्या.

एवढं झाल्यावर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्या, पण इग्नायटर (दिवा पेटवायला झटका देणारा भाग) आणि इलेक्ट्रॉनिक भाग आधी सोडवून. एक मेगओमच्या खाली आकडा आला तर पुरवठा द्यायचा नाही. पुष्कळदा दोष नुसत्या ओलाव्याचा असतो. चोक कोरड्या, उबदार जागी काही दिवस ठेवला की आकडा वर चढतो. अंग धातूचं आहे, म्हणून अर्थिंग हवंच, आणि जोडणी गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून घ्या. हाय-प्रेशर सोडियमचा इग्नायटर दिवा सुरू करताना तीन ते पाच हजार व्होल्टचे ठोके देतो, त्यामुळे इग्नायटरपासून होल्डरपर्यंतची वायर साधी चालत नाही.

आणि पेटवलाच पाहिजे असंही नाही. माझ्याकडचे काही दिवे मी मुद्दाम पेटवत नाही, कारण पेटवायचे तर आतलं सगळं मूळ सामान उपटावं लागेल.

प्रश्न : आमचा हाय-प्रेशर सोडियम दिवा लागतो, दहा-पंधरा मिनिटांनी विझतो, थोड्या वेळाने पुन्हा लागतो. चोक बदलला, तरी तेच.

उत्तर : चोकचा दोष नव्हता. दिवा म्हातारा झाला आहे. वयाप्रमाणे त्याला तापल्यावर लागणारं व्होल्टेज वाढत जातं, आणि एका टप्प्याला चोक तेवढं देऊ शकत नाही. मग दिवा विझतो, गार होतो, इग्नायटर पुन्हा पेटवतो. असं चालू ठेवलं तर इग्नायटरही जातो. नवा दिवा लावा. जुन्या चोकवरचं लेबल शाबूत असेल तर तो परत बसवा.

प्रश्न : मर्क्युरी दिव्याची बाहेरची काच फुटली आहे, पण आतली नळी पेटते. तसाच वापरू?

उत्तर : लगेच बंद करा. आतल्या क्वार्ट्‌झ नळीतून तीव्र अतिनील किरण निघतात आणि ते बाहेरची काच अडवत असते. ती नसताना थोड्याच वेळात डोळे आणि कातडी भाजते, आणि त्रास काही तासांनी जाणवतो म्हणून त्या वेळी कळतही नाही. दिव्यात पारा आहे, तेव्हा तो साध्या कचऱ्यात टाकू नका.

प्रश्न : एका गोदामातून लो-प्रेशर सोडियमचे काही न वापरलेले दिवे मिळाले. कसे ठेवू? पेटवून वापरायचे की जपायचे?

उत्तर : नशीबवान आहात. १९३२च्या सुमाराला युरोपातल्या रस्त्यांवर आलेला हा प्रकार आता बाजारातून जवळजवळ गेला आहे, मोठ्या कारखान्यांनी उत्पादन थांबवलं आहे.

हा दिवा पेटताना ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्विच दिला की इंग्रजी यू आकाराच्या नळीत आधी निऑनचा गुलाबी-लाल उजेड येतो. नळीच्या काचेला छोट्या खळ्या असतात आणि त्यांत सोडियमचे चंदेरी ठिपके बसलेले दिसतात. नळी तापत जाते, लालात पिवळा मिसळू लागतो, नारिंगी होतो, आणि दहाएक मिनिटांत सगळा दिवा शुद्ध पिवळा. हा पिवळा म्हणजे जवळजवळ एकच तरंगलांबी, ५८९ नॅनोमीटर. त्यामुळे त्या उजेडात रंग उरतच नाहीत. लाल शर्ट आणि निळा शर्ट दोन्ही मातकट दिसतात. एका वॉटमागे इतका उजेड त्या काळात दुसरा कुठलाच दिवा देत नव्हता. मला हा उजेड मनापासून आवडतो, आणि तो चित्रात किंवा पडद्यावर येत नाही, म्हणून निदान एक दिवा पेटवण्यासाठी राखा. बाकीचे जपा.

सोडियम साधारण ९८ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून तापलेला दिवा हलवायचा नाही, तिरपा करायचा नाही. आतला धातू वाहत जाऊन नको तिथे थिजतो. पूर्ण गार होऊ द्या. पेटवताना दिवा आडवा असावा. ठेवताना मूळ खोक्यात, आडवा, कोरड्या जागी. चुकून फुटला तर पाणी मारू नका, ओलं पोतेरं लावू नका. सोडियमचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेऊ शकतो. कोरडी वाळू जवळ असू द्या. यांच्या ट्रान्सफॉर्मरवर दिवा नसताना चारशे व्होल्टहून जास्त दाब असतो, तेव्हा चालू पुरवठ्यावर होल्डरला हात नाही.

प्रश्न : आजोबांच्या काळातला तांब्याच्या चौकटीचा गॅसचा कंदील आहे, आत मेंटलचं बर्नर. विजेवर करून घ्यावा असं घरातल्यांचं म्हणणं आहे.

उत्तर : करा, पण भोक न पाडता. गॅसची नळी जिथून वर येते त्याच वाटेने बारीक वायर नेता येते, आणि कमी व्होल्टचा छोटा एलईडी बर्नरशेजारी तारेने टांगता येतो. बर्नर जागेवरून हलवू नका. नातवंडांपैकी कुणाला तो उद्या मूळ रूपात हवा असेल, तर वायर ओढून काढली की झालं.

मेंटल, म्हणजे ज्योतीवर उजळणारी ती जाळीची पिशवी, जपून हाताळा. लंडनच्या पॅल मॅल या रस्त्यावर १८०७ साली गॅसचे दिवे लागले तेव्हा ती नुसती उघडी ज्योत होती. रस्त्यावरचा गॅस खरा उजळला तो ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञामुळे. त्याचं १८९१चं मेंटल ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइडचं होतं. थोरियम किरणोत्सारी आहे. डबीत बंद असलेल्या मेंटलचा त्रास नाही, पण फुटलेल्या मेंटलची राख फुंकू नका आणि झाडू नका. ओल्या कागदाने टिपून डबीत बंद करा.

तांब्याचा काळपट-हिरवा थर घासून लखलखीत करायचा मोह होईल. तो थर खालचं तांबं सांभाळतो आहे. राहू द्या. फक्त एखाद्या ठिकाणी फिकट हिरवी पूड सुटत असेल तर तिथे गंज चालू आहे. ती पूड काढून जागा कोरडी ठेवा.

प्रश्न : आमच्या रस्त्यावरचे जुने दिवे लवकरच उतरवणार आहेत. एक मिळवायचा कसा?

उत्तर : खांब आणि दिवा ज्या संस्थेचा आहे तिला लेखी अर्ज करा, आणि दिवा मिळाला की लेखी पावती घ्या. उतरवणाऱ्या माणसाने परस्पर दिला, असा दिवा घेऊ नका. तो चोरीचाच ठरतो.

दिवा अजून वर आहे तोवर तुमचं खरं काम करून घ्या. खांबाचा नंबर, दिवा किती उंचीवर आहे, दोन खांबांमधलं अंतर, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, हे लिहा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळचे फोटो काढा. उतरवल्यावर हे काहीच परत मिळत नाही. मिळालेल्या दिव्याला हीच माहिती लिहिलेली कापडी पट्टी तारेने बांधा. रंगावर चिकटपट्टी लावू नका, पुढे काढताना रंग सोबत येतो.

प्रश्न : मला नव्याने संग्रह सुरू करायचा आहे. कोणत्या दिव्यांपासून सुरुवात करू?

उत्तर : आधी जागा मोजा. वर छोटासा दिसणारा दिवा खाली आणला की मोठा निघतो. लो-प्रेशर सोडियमचा १८० वॉटचा नुसता दिवाच १.१२ मीटर लांब असतो, त्याचं फिटिंग त्याहून मोठं. चोकसकट वजनही बरंच, म्हणून भिंतीवर टांगण्याआधी भिंत आणि खिळे दोन्ही तपासा. उघड्यावर मांडायचा विचार असेल तर बर्लिनचं उदाहरण बघा. तिथल्या टियरगार्टन बागेत १९७८ साली मांडलेल्या जुन्या गॅसदिव्यांच्या संग्रहाची तोडफोड झाली आहे, इतक्या नावाजलेल्या ठिकाणी.

काय जमवावं याबद्दल माझं मत ठाम आहे. देखण्या, नक्षीदार कंदिलांच्या मागे सगळेच असतात. तुम्ही फेरफार झालेले दिवे शोधा : गॅसच्या चौकटीत नंतर विजेचा होल्डर बसवलेला कंदील, किंवा मर्क्युरीच्या डब्यात सोडियमचा चोक कोंबलेलं फिटिंग. त्यांत दोन काळ एकत्र सापडतात, आणि कुणीतरी हातात होतं त्या सामानावर रस्ता अंधारात राहू दिला नाही हेही दिसतं. संग्राहक असे दिवे ‘बिघडवलेले’ म्हणून टाकून देतात, म्हणून ते मिळतातही.

आणि पहिल्या पिढीचे एलईडी पथदिवे आत्ताच उतरू लागले आहेत. ते दुरुस्त करणं सोपं नसतं, म्हणून सरळ भंगारात जातात. एखादा मागून घ्या, आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) काढून घेऊ देऊ नका. त्याच्यावरचं लेबल उन्हाने लवकर पुसट होतं, त्याचा फोटो मिळाल्या दिवशीच काढा.